कीर्तिमंदिराच्या भिंती आणि नंदलाल बोस यांची चित्रसाधना

बडोद्यास आलेला पाहुणा लक्ष्मीविलास राजवाडा पाहतो, सूरसागर पाहतो, आणि वेळ उरलाच तर कीर्तिमंदिराकडे वळतो. तेथेही बहुधा तो उंच शिखर, त्यावरील सूर्य-चंद्र आणि अखंड भारताचा नकाशा बाहेरूनच न्याहाळून परत फिरतो. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी गायकवाड घराण्यातील पूर्वजांच्या स्मरणार्थ ही वास्तू उभारली व १९३६ साली ती पूर्ण झाली. ते देवालय नव्हे. तथापि आत मधल्या दालनात पाऊल टाकून मान वर करून पाहिले, तर आपल्या कथाकीर्तनांतून नित्य भेटणारी माणसे तेथे भिंतींवर भेटतात. गंगावतरण, मीराबाईचे चरित्र, नटीची पूजा आणि अभिमन्यूचे युद्ध असे हे चार विषय आहेत. ही चित्रे शांतिनिकेतनचे आचार्य नंदलाल बोस यांनी आपल्या शिष्यांच्या साहाय्याने १९३९ ते १९४६ या काळात काढली. आपल्या गावातील कित्येक कुटुंबांनी ती अद्याप पाहिलेली नाहीत, आणि ज्यांनी पाहिली आहेत त्यांतील पुष्कळांनी ती जाता जाता पाहिली आहेत. म्हणून या लेखाचा खटाटोप.

चित्रकार सहसा बोलत नाहीत. चित्र कसे सुचले व कसे केले, असे विचारले तर ते हसतात आणि कुंचला पाण्यात बुडवतात. नंदलालबाबूंची गोष्ट याहून निराळी होती. स्वभावाने ते मितभाषी खरे, परंतु तीस वर्षांच्या आसपास त्यांनी कलाभवनात विद्यार्थी घडविले, आणि शिक्षकाला बोलावेच लागते. ‘शिल्पकथा’, ‘शिल्पचर्चा’, ‘दृष्टि ओ सृष्टि’ या त्यांच्या बंगाली पुस्तकांत कलेचे तत्त्व आहे, तसेच कागद, रंग, चिकटद्रव्य, कुंचला आणि गिलावा यांची कृतीही आहे. प्रेरणा व तंत्र या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या तोंडून ऐकण्याची ही संधी दुर्मीळ होय.

त्यांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ रोजी बिहारात मुंगेर जिल्ह्यातील खडगपूर येथे झाला. वडील दरभंगा संस्थानच्या नोकरीत होते. आई खेळणी व बाहुल्या करण्यात कुशल होती. लहानपणी कुंभारांच्या हातून मातीचे देव घडताना पाहावेत आणि घरी येऊन तसेच करून पाहावे, हा मुलाचा छंद. पुढे कॉलेजच्या अभ्यासात मन रमेना, तेव्हा १९०५ च्या सुमारास ते कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत अवनींद्रनाथ ठाकूर यांचे शिष्य झाले. ‘शिव-सती’ या त्यांच्या चित्रास १९०८ साली पाचशे रुपयांचे पारितोषिक मिळाले. त्या काळी एवढ्या पैशांत गृहस्थाने घर सजवले असते. नंदलालांनी ते पैसे देश पाहण्यात खर्च केले. गया, काशी, मथुरा, वृंदावन आणि पुढे दक्षिणेतील देवालये त्यांनी पाहिली.

परंतु त्यांचे खरे गुरुकुल म्हणावे ते अजिंठा. १९०९-१० च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम या इंग्रज बाई अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी आल्या होत्या. त्यांच्या मदतीस नंदलाल व असितकुमार हालदार यांनी जावे, असा आग्रह भगिनी निवेदितांनी धरला. अजिंठा तेव्हा निजामच्या राज्यात होता. प्रवास बैलगाडीचा, मुक्काम तंबूत आणि लेण्यांत अंधार. तेथे महिनोन्महिने नंदलाल एकेका रेषेच्या मागे हात फिरवीत बसले. नक्कल करणे हे हलके काम आहे असे आपण समजतो. वेदपाठशाळेतील विद्यार्थी आधी पाठ म्हणतो, अर्थ मागाहून येतो. येथेही तसेच झाले.

अजिंठ्याचे तंत्र थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण पुढील सर्व गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. खडबडीत खडकावर प्रथम माती, दगडाचा चुरा, भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू एकत्र मळून गिलावा दिलेला आहे. त्यावर चुन्याचा पातळ हात. तो वाळल्यावर गेरूच्या रेषेने आकृती, मग सपाट रंग आणि शेवटी पुन्हा ठाम रेषा. रंग म्हणाल तर गेरू, पिवळी माती, काजळ, पांढरी माती व हिरवी माती. निळ्यासाठी मात्र दूरदेशाहून येणारा राजावर्त मणी. एवढ्या सामग्रीत बोधिसत्त्वाच्या चेहऱ्यावरील करुणा उतरली. नंदलालांनी तेथून जे उचलले ते हे की रेषा ही आकृतीची केवळ कड नसून तिचा श्वास होय. छाया गडद करून शरीराचा गोलवा दाखविण्याऐवजी रेषेच्या जाडबारीकपणातून तो दाखविता येतो.

पुढे १९२१ साली ग्वाल्हेर दरबाराच्या निमंत्रणावरून नंदलाल, हालदार व सुरेंद्रनाथ कर यांनी बाघ येथील लेण्यांतील चित्रांच्या नकला केल्या. ग्वाल्हेरच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मोरेश्वर बळवंत गर्दे हे होते, ही गोष्ट तिकडील मराठी मंडळींना अभिमानाची वाटेल. बाघची मूळ चित्रे पुढे फार झिजली. आज त्यांचा पुष्कळसा अभ्यास त्या वेळच्या नकलांवरून करावा लागतो.

आता एक प्रसंग. अवनींद्रनाथांनी आपल्या आठवणींत तो स्वतःच सांगितलेला आहे. नंदलालांनी उमेच्या तपश्चर्येचे चित्र काढले. ओसाड पर्वत, राखेसारखे मंद रंग आणि तपाने कृश झालेली उमा. गुरूंना चित्र दाखविले तेव्हा त्यांना ते फार रूक्ष वाटले. उमेला थोडे तरी सजवावे, चंदनाचा टिळा लावावा, एखादे फूल द्यावे, असे त्यांनी सुचविले. शिष्य ‘बरे’ म्हणून चित्र घेऊन गेला. रात्री गुरूंचा डोळा लागेना. तप करणाऱ्या उमेला अलंकार कशाला हवेत? जे तिने स्वतः टाकले ते आपण तिच्या अंगावर पुन्हा का घालतो आहोत? पहाट होताच ते नंदलालांच्या घरी धावले. नंदलाल चित्र पुढे ठेवून, कुंचला हाती घेऊन, रंग लावण्याच्या बेतातच होते. गुरूंनी त्यांना थांबविले आणि चित्र जसे होते तसेच राहिले.

या प्रसंगात गुरूचा मोठेपणा आहे हे उघडच आहे. पण आपल्या दृष्टीने त्यातील मर्म वेगळे आहे. देवादिकांचे चित्र म्हटले की मुकुट, जरीकाठ आणि झगझगीत रंग हवेतच, अशी आपली समजूत झालेली असते. चित्रकाराने मात्र प्रसंगाचा भाव आधी ठरविला आणि रंग त्याच्या हाताखाली दिले. कुमारसंभवातील उमा वल्कले नेसते, ती काव्यात आपल्याला चालते. चित्रात मात्र आपण तिला शालू मागतो.

प्रेरणेविषयी नंदलाल आपल्या विद्यार्थ्यांना जपानी पंडित ओकाकुरा यांची एक गोष्ट सांगत. १९१२ साली ओकाकुरा कलकत्त्यास आले असता त्यांनी आगपेटीतील तीन काड्या त्रिकोणात मांडल्या. एक काडी निसर्गाची, दुसरी परंपरेची, तिसरी स्वतःच्या प्रतिभेची. तीनही हव्यात. निसर्ग सुटला की चित्र पोकळ होते, परंपरा सुटली की ओबडधोबड होते, आणि स्वतःचे काही नसले तर ते निर्जीव होते. आपल्या ओळखीच्या उदाहरणाने सांगावयाचे तर कीर्तनकाराकडे पाहावे. पूर्वरंगातील अभंग त्याला परंपरेने दिला, माणसांचे वागणे-बोलणे तो गावात पाहतो, आणि आख्यान रंगविताना जे तो स्वतः घालतो ते त्याचे. यांपैकी एक काढून घेतले तर श्रोते केव्हा उठून जातात ते कळतही नाही.

निसर्गाची काडी नंदलालांनी फार जपली. खिशात कोरी कार्डे व शाई बाळगून फिरता फिरता ते बकरी, ताडाचे झाड, पाणी आणणारी संथाळ स्त्री, जे दिसेल ते टिपून घेत. अशी चित्रित कार्डे त्यांनी शिष्यांना व स्नेह्यांना आयुष्यभर पाठविली. सत्यजित राय हे १९४० ते १९४२ या काळात कलाभवनात विद्यार्थी होते. त्यांनी पुढे सांगितलेली एक आठवण मनोवेधक आहे. झाड काढताना कुंचला वरून खाली आणू नये, मुळापासून वर न्यावा, असे मास्टरमशाय शिकवीत, कारण झाड तसेच वाढते. आपल्या घरातील मुलाला कागद-पेन्सिल देऊन ही गोष्ट आजच करून पाहता येईल. पाच मिनिटांत फरक दिसतो.

आता भिंतीकडे येऊ. भिंतीवर चित्र काढण्याच्या तीन रीती नंदलालांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शांतिनिकेतनच्या परिसरात हाताळल्या. पहिली इटलीकडील. चुन्याचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावावयाचा. चुना वाळताना हवेतील कर्बवायू शोषून पुन्हा दगडासारखा होतो व रंगाचे कण त्यात पकडले जातात. चिकटद्रव्य लागत नाही. मात्र एका दिवसात जेवढे रंगविणे शक्य तेवढाच गिलावा सकाळी लावावा लागतो, चूक पुसता येत नाही, आणि चुन्याच्या तिखटपणापुढे टिकणारे रंगच चालतात. श्रीनिकेतन येथे रवींद्रनाथांनी १९२८ साली हलकर्षण म्हणजे नांगरणीचा उत्सव केला होता. त्याचे भित्तिचित्र नंदलालांनी १९३० साली याच रीतीने काढले. पुराणकथेच्या बरोबरीने बैल आणि नांगर यांनाही त्यांनी भिंतीचा मान दिला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दुसरी रीत जयपूरची. तिला अरायश म्हणतात. मुरविलेला चुना, संगमरवराची बारीक पूड, ओल्या गिलाव्यावरच रंग, आणि मग अकीकाच्या घोट्याने घोटून घोटून, खोबरेल लावून आणलेली आरशासारखी तकाकी. जयपूरचे कारागीर नरसिंगलाल यांना शांतिनिकेतनात बोलावून आणले व आचार्यांसह सर्वांनी त्यांच्या हाताखाली हे काम शिकून घेतले. ग्रंथालयाच्या व्हरांड्यात १९३३ साली झालेली चित्रे या रीतीची आहेत. नामांकित कलाशाळेचा प्रमुख एका मिस्त्रीपाशी शिकावयास बसतो, हे दृश्य आपल्याकडे आजही विरळाच दिसेल.

तिसरी रीत टेंपरा, आणि कीर्तिमंदिरातील चित्रे या रीतीची आहेत. यात भिंत आधी तयार करून पूर्ण वाळू देतात आणि रंगात चिकटद्रव्य घालून तो लावतात. चिकटद्रव्य डिंकाचे असेल, सरसाचे असेल किंवा अंड्याच्या बलकाचे असेल. हा रंग पटकन वाळतो. म्हणून तेलरंगासारखे एकात एक मिसळत बसता येत नाही. थर सपाट द्यावा लागतो आणि आकार रेषेनेच बांधावा लागतो. तंत्राची ही मर्यादाच नंदलालांना हवी होती. अजिंठ्याने शिकविलेली रेषा येथे कामास आली.

याच बडोद्यात राजा रविवर्मा यांनी १८९० च्या सुमारास राजवाड्यासाठी पुराणकथांवर चौदा तैलचित्रे केली होती. तुलना मनात येणारच. रविवर्म्यांच्या चित्रासमोर आपण खिडकीतून आत डोकावत असतो. आत खोली आहे, उजेड एका बाजूने येतो आहे, रेशमाची सळ चकाकते आहे. नंदलालांच्या चित्रात भिंतीला भोक पडत नाही. भिंत भिंतच राहते आणि आकृती तिच्या पृष्ठभागावरून पुढे सरकत जातात, जसे पोथीचे पान उलगडत जावे. एकाला चांगले म्हणण्यासाठी दुसऱ्याला नावे ठेवावी लागत नाहीत. रविवर्म्यांचे देव छापखान्यातून घरोघरी, देवघरापर्यंत गेले, हे त्यांचे मोठेच कार्य आहे. तथापि वास्तूच्या भिंतीवर, दूर उंचावर, अनेकांनी एका वेळी पाहावयाच्या चित्रास दुसरी रीत अधिक शोभते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मोठ्या भिंतीवर आकृती उतरविण्याची सर्वसाधारण पद्धत गृहिणींना लगेच समजेल. कागदावर पूर्ण मापाचे रेखाटन करून त्याच्या रेषांवर टाचणीने छिद्रे पाडतात व तो कागद भिंतीवर धरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटतात. रांगोळीच्या छाप्याचीच ही बहीण. रांगोळीवरून आठवले. शांतिनिकेतनात सणासमारंभास जमिनीवर काढावयाच्या आलपनेला नंदलालांनी अभ्यासक्रमात प्रतिष्ठा दिली. आपली रांगोळी कोरडी, ती तांदळाच्या पिठाच्या ओल्या कालवणाने काढलेली. पण आजीच्या बोटांतील नक्षीला कलाशाळेत जागा असते, हे तेथे मान्य झाले.

चार विषयांपैकी गंगावतरण व मीरा यांची कथा आपल्या वाचकांस सांगावयास नको. गंगावतरणाचे चित्र ज्या १९३९ साली झाले, त्याच वर्षी फेब्रुवारीत सयाजीराव महाराज निवर्तले. पूर्वजांच्या उद्धारासाठी भगीरथाने गंगा आणिली, ही कथा पूर्वजांच्या स्मारकात किती चपखल बसते ते वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. अभिमन्यूचे चित्र १९४५-४६ मधील आहे. तोवर जग एका महायुद्धातून आणि बंगाल १९४३ च्या भीषण दुष्काळातून गेला होता. चक्रव्यूहात एकटा सापडलेला मुलगा त्या काळी चित्रकाराच्या मनात का आला असेल, याचा विचार प्रत्येकाने आपल्याशी करावा.

नटीच्या पूजेविषयी मात्र विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण ती कथा आपल्याकडे फारशी परिचित नाही. अजातशत्रूच्या राज्यात बुद्धाच्या पूजेस बंदी झाली. राजवाड्यातील नर्तकी श्रीमती ही अंतःकरणाने बुद्धाची उपासक. जेथे पूजा होत असे त्याच वेदीसमोर तिने नाचावे, अशी राजाज्ञा झाली. हेतू उघड होता, स्थानाची विटंबना. ती नाचू लागली. नाचता नाचता एकेक अलंकार उतरवून तिने अर्पण केला आणि राजनर्तकीच्या वेषाखालून भिक्षुणीचे वस्त्र प्रकट झाले. नृत्यच पूजा झाले. तिला त्याची किंमत प्राणांनी द्यावी लागली. रवींद्रनाथांनी या कथेवर १९२६ साली ‘नटीर पूजा’ हे नाटक लिहिले. शांतिनिकेतनच्या प्रयोगात श्रीमतीची भूमिका केली होती नंदलालांची कन्या गौरी हिने. भल्या घरच्या मुलीने रंगमंचावर नृत्य करणे त्या काळी साधी गोष्ट नव्हती. बापाने ते नृत्य डोळ्यांनी पाहिले, पुढे १९४२ साली शांतिनिकेतनच्या चीनभवनात त्याचे भित्तिचित्र काढले आणि १९४३ साली ते कीर्तिमंदिरात आणले. प्रेरणा कोठून येते असे विचारणाऱ्यास याहून सरळ उत्तर कोणते द्यावे? आणि उमेच्या चित्रातून जे अलंकार ऐन वेळी दूर राहिले, ते येथे नटी स्वतः उतरवीत आहे, हेही ध्यानात यावे.

भिंत सोडून लोकांच्या रस्त्यावरही नंदलाल आले होते. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. तेथील मंडपाची रचना करण्यास गांधीजींनी त्यांना बोलाविले, तेव्हा आपण चित्रकार आहोत, स्थापत्यकार नव्हे, असा संकोच त्यांनी कळविला. मला बडा पियानोवादक नको, साधा सारंगीवाला हवा, अशा अर्थाचे उत्तर गांधीजींकडून आले. मग बांबू, गवत, खादी अशा गावच्याच वस्तूंतून काम उभे राहिले. १९३८ साली तापीकाठच्या हरिपुरा येथे तर सुमारे चारशे चित्रफलक लागले. त्यांतील ऐंशीच्या आसपास खुद्द नंदलालांच्या हातचे. हातकागद, मातीचे रंग, आणि विषय म्हणजे सुतार, कुंभार, ढोलवाला, मल्ल, कांडण करणारी स्त्री. कुंचल्याचे फटकारे इतके मोकळे आहेत की घाईत काढलेली ती चित्रे आज त्यांच्या उत्तम कृतींत गणली जातात.

येथे आपल्या मंदिरांविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. जीर्णोद्धार निघाला की सभामंडपाच्या जुन्या चुन्याच्या भिंतीवर तैलरंगाचा हात फिरविण्याची घाई होते, आणि कोठे जुने चित्र असल्यास त्यावर ‘तेज यावे’ म्हणून रोगण चढते. चुन्याची भिंत ओलावा घेते व सोडते. तैलरंगाने तिचे तोंड बंद केले की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि पापुद्रे सुटतात. रोगणाचा अनुभव तर अजिंठ्यासच आला. १९२० नंतर निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणविले. त्यांनी सुटणारा गिलावा बसविला हे उपकारच, परंतु वर दिलेला लाखेचा थर काळाने पिवळट पडला आणि खालचे रंग झाकोळले. तो काढण्यास पुढील पिढ्यांना फार श्रम पडले. तेव्हा कमिटीपुढे असा ठराव आल्यास सभासदांनी आधी जाणकारास भिंत दाखवावी. खर्च थोडा, आणि एकदा पुसलेले चित्र पुन्हा मिळत नाही.

नंदलालांना १९५४ साली पद्मविभूषण मिळाले व १६ एप्रिल १९६६ रोजी ते निवर्तले. आपल्या राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखिताची चित्रसजावट त्यांनी व त्यांच्या शिष्यांनी केली. तीत महाबलिपुरमच्या शिल्पातील गंगावतरण आहे आणि श्रीशिवछत्रपतीही आहेत. १९७६ साली शासनाने त्यांच्या कृतींची गणना राष्ट्रीय कलानिधींत केली. बडोद्यात १९५० साली ललितकला विद्याशाखा निघाली. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे तेथे शिकवू लागले आणि पाठोपाठ नंदलालांचे शिष्य के. जी. सुब्रमण्यन हेही आले. शांतिनिकेतनची विद्या अशा रीतीने आपल्या गावात मुक्कामास राहिली.

कीर्तिमंदिरात जाल तेव्हा मुलांना बरोबर न्यावे. प्रथम दालनाच्या मध्यभागी उभे राहून चारही बाजूंस नुसते पाहावे, कथा सांगण्याची घाई करू नये. मग एक भिंत निवडावी आणि तीतील एकच आकृती डोळ्यांनी धरून तिची रेषा कोठे सुरू होते, कोठे जाड होते, कोठे संपते, एवढेच शोधावे. नटीच्या भिंतीपासून आरंभ केल्यास उत्तम.